लाइट लावली की ऑइल प्रेशर उतरतं

अर्बानाहून निघाले तेव्हा सूर्य मक्याच्या शेतांवर टेकत आला होता. सप्टेंबरचा दुसरा आठवडा, वारा जवळजवळ नाहीच. ओहायोत अशी संध्याकाळ वर्षातून मोजके दिवस मिळते. अडीच हजार फुटांवर आमचं आरव्ही-९ए हे छोटं विमान निवांत चाललं होतं. उजेड कमी होतोय म्हणून मी लँडिंग लाइट लावली आणि सवयीने इंजिनच्या स्क्रीनकडे नजर टाकली. एरवी ७४ पीएसआय असणारं ऑइल प्रेशर ६६ वर होतं. बघता बघता ५९. मग परत ६८. शेजारी ऑइलचं तापमान १८८ फॅरनहाइटवरून १९८ वर गेलेलं. आणि खाली चारही सिलिंडर हेडच्या तापमानाचे आकडे एकाच वेळी वर उडाले, एकाच वेळी खाली आले.

प्रेशर खाली आणि तापमान वर. हे दोन एकत्र दिसले की विमान चालवणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो तेल चाललंय हाच. तेल गेलं की काही मिनिटांत इंजिन जाम होतं, आणि मग खाली दिसेल त्या शेतात उतरायचं. इंजिनच्या आवाजात फरक नव्हता, काचेवर तेलाचा थेंब नव्हता, तेलाचा वास नव्हता. तरीही मी वळले आणि अर्बानाच्या धावपट्टीवर परत उतरले. घर हवेतून पंधरा-वीस मिनिटांवर होतं, पण पुढे जायचा विचार एकदाही मनात आला नाही आणि त्याबद्दल मला आजही शंका नाही.

उतरून पोटाखाली बघितलं, कोरडं ठाक. डिपस्टिक काढली. निघताना सात क्वार्ट होतं, आताही सातच. विमान बांधून ठेवलं, नवऱ्याला फोन केला, तो गाडी घेऊन आला. रात्री घरी पोचेपर्यंत मी त्याच्याशी फारसं बोलले नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हे विमान आम्ही घरी बांधलंय, गॅरेजमध्ये, आठ वर्षं शनिवार-रविवार घालून. दोन माणसांचं, अॅल्युमिनियमचं, रिबिटं मारून जोडलेलं, पुढे १६० अश्वशक्तीचं लायकॉमिंग ओ-३२० इंजिन. इथल्या कायद्याप्रमाणे अर्ध्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलेलं असलं की ते 'एक्स्पेरिमेंटल' वर्गात येतं, आणि बांधणाऱ्याला तसं प्रमाणपत्र घेऊन त्याच विमानाची वार्षिक तपासणी स्वतःच्या सहीने करता येते. माझ्या विमानाच्या लॉगबुकात माझी सही आहे. म्हणून यातली प्रत्येक वायर कुठून निघते आणि कुठे जाते, हे मला माहीत असायलाच हवं.

पहिलं काम ठरलेलं होतं. स्क्रीन खरं बोलतेय की खोटं, हे स्क्रीनला विचारून कळत नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन इंजिनच्या ऑइल प्रेशरच्या तोंडाला टीच्या आकाराचा जोड लावून एक साधं यांत्रिक गेज जोडलं. त्यात वीज नाही, वायर नाही, आत फक्त तेलाच्या दाबाने सरळ व्हायला बघणारी वाकडी नळी. विमान दोन्ही पंखांना आणि शेपटीला बांधलं, चाकांना ठोकळे लावले, इंजिन चालू केलं. यांत्रिक गेज ७६ वर ठाम. स्क्रीनवर लाइट लावली की ६५, घालवली की ७३. इंजिन ठणठणीत होतं. खोटं बोलत होती ती स्क्रीन.

इतकं समजल्यावर जिवावरचं ओझं उतरलं, आणि तिथेच मी घाई केली. ऑइल प्रेशरचा सेंडर, म्हणजे दाब मोजून स्क्रीनला कळवणारा भाग, जुना झाला असेल म्हणून नवा मागवला आणि बसवला. या इंजिनांवर प्रेशरचे सेंडर खरोखर मरतात. आत एक घासत फिरणारा हात असतो, तो कंपनांनी झिजतो, म्हणून तर लोक सेंडर इंजिनवर न लावता रबरी होजने फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या भिंतीवर, आणतात. माझाही तसाच फायरवॉलवर होता. नवा लावला, धावपट्टीभोवती एक फेरी मारली, लाइट लावली. तोच प्रकार. पैसे गेले त्याचं काही नाही, पण त्या आठवड्यात मी विचार करायचा सोडून सुटे भाग बदलत होते.

त्या रात्री नऊ वाजता अण्णांना फोन लावला. तिकडे सकाळचे साडेसहा. माझे वडील पेठ नाक्याजवळ चाळीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान चालवायचे. ट्रक, जीप, आणि उसाच्या हंगामात रात्रंदिवस ट्रॅक्टर. शाळा सुटली की मी तिथेच. थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवायची धातूची टोपी, दाबायला मी नऊ वर्षांची असताना शिकले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"चारी काटे एकदम?"

"चार नाही अण्णा, दहा. प्रेशर, ऑइलचं तापमान, चार सिलिंडरची डोकी, चार एक्झॉस्ट. सगळे एकदम."

"मग शेंडर कशाला बदललास? धा शेंडर एकाच टायमाला मरत्यात व्हय?" मी गप्प. "आता सांग, कुठलं काटं हाललं न्हाईत?"

हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. न हललेले दोन होते. इंजिनचे फेरे आणि इंधनाचा प्रवाह. आणि हे दोन्ही वेगळ्या जातीचे आहेत. फेरे मोजायचे तर ठोके मोजायचे. इंधनाच्या नळीत एक छोटं चक्र फिरतं, त्याचेही ठोकेच मोजायचे. ठोका लहान असो की मोठा, मोजणी तीच राहते. बाकीचे दहा मात्र व्होल्ट मोजणारे. व्होल्टमध्ये जरा गडबड झाली की ते फसतात.

"ट्रॅक्टरची हेडलाइट लावली की पाण्याचा काटा चढतो, घालवली की उतरतो," अण्णा म्हणाले. "ते पाणी तापत नसतंय. अर्थ गेलेली असत्या. इंजानाची अर्थ बघ आदी. आन् सेल्फ मारताना काटं कुठं जात्यात?"

अर्थ म्हणजे वीज बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारी जोडणी. आणि सेल्फ, म्हणजे स्टार्टर, मारताना कोण स्क्रीनकडे बघतं? पण आमची स्क्रीन दर सेकंदाची नोंद साठवते. फोन चालू ठेवूनच लॅपटॉपवर मागच्या नोंदी काढल्या. मे महिन्यात सेल्फ मारताना ऑइल प्रेशर शून्याच्या जरा वर. जुलैत चाळीसच्या आसपास. सप्टेंबरात काटा थेट वरच्या टोकाला, तेही इंजिन पेटायच्या आधी. तापमान त्याच वेळी खाली कोसळलेलं. म्हणजे उडताना लाइट लावली की जे घडत होतं, त्याच्या बरोबर उलट. आणि ते चार महिने हळूहळू वाढत गेलं होतं. उन्हाळ्यापासून सेल्फ जरा जड फिरतोय हे मला जाणवत होतं, पण मी ते बॅटरीच्या वयावर टाकलं होतं.

उलट का, ते सांगते, कारण सगळी गोष्ट त्यात आहे. इंजिन रबराच्या गुटक्यांवर बसवलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते विमानाच्या अंगापासून तुटलेलं. त्याला जोडण्यासाठी मुद्दाम लावलेली एकच गोष्ट, तांब्याच्या बारीक तारांची विणलेली पट्टी, क्रँककेसपासून, म्हणजे इंजिनच्या मुख्य कवचापासून, फायरवॉलवरच्या अर्थच्या बोल्टपर्यंत. बॅटरीचं मायनसही त्याच बोल्टला. सेल्फ मारताना बॅटरीतून दीडशे-दोनशे अँपिअर सेल्फमध्ये जातात आणि इंजिनच्या अंगातून त्या पट्टीवाटे परत येतात. इंजिन चालू झालं की दिशा उलटते. आता अल्टरनेटर वीज देतो, ती लाइट, रेडिओ वगैरेंतून फिरून त्याच पट्टीवाटे इंजिनकडे परत जाते. पट्टी चांगली असेल तर या येण्याजाण्याचा काही पत्ता लागत नाही. पट्टीत अडथळा आला की सेल्फच्या वेळी इंजिनचं अंग फायरवॉलपेक्षा वरच्या व्होल्टवर जातं आणि उडताना खालच्या.

तेलाच्या तापमानाचा सेंडर इंजिनच्या अंगातच अर्थ घेतो. प्रेशरचा सेंडर फायरवॉलवर बसवला तरी त्याची अर्थची वायर मी मुद्दाम क्रँककेसला नेली होती, तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं होतं. स्क्रीन मात्र अर्थ घेते फायरवॉलच्या बोल्टवरून. उडताना इंजिनचं अंग ०.२ व्होल्ट खाली गेलं की स्क्रीनला वाटतं सेंडरचा ओहम, म्हणजे विजेला होणारा रोध, कमी झाला. प्रेशरच्या सेंडरला कमी ओहम म्हणजे कमी दाब. तापमानाच्या सेंडरला कमी ओहम म्हणजे जास्त उष्णता. एकच अडथळा, आणि स्क्रीनवर हुबेहूब तेल गेल्याचं चित्र.

सिलिंडरच्या आकड्यांचं तर मी आधीच ओळखायला हवं होतं. काही किलो वजनाचा धातू एका सेकंदात तीस अंश तापत नाही आणि पुढच्या सेकंदाला निवत नाही. खरी उष्णता सावकाश चढते. जे टुणकन उडतं ते वायरीतलं.

"आता अंदाज बास," अण्णा म्हणाले, "माप." दुकानात त्यांच्याकडे मल्टीमीटर नव्हता, टेस्ट लॅम्प असायचा. मी शिकायला गेल्यावर पहिल्या पगारातून त्यांच्यासाठी घेतलेला मीटर त्यांनी अजून जपून ठेवलाय.

शनिवारी हँगरमध्ये वरचं काउलिंग, म्हणजे इंजिनवरचं झाकण, काढलं. मल्टीमीटरच्या दोन लांब वायरी केल्या, एक क्रँककेसला, दुसरी थेट बॅटरीच्या मायनस खुंटीला, बोल्टला नव्हे. दोन्ही इंजिन बंद असताना घट्ट लावल्या, प्रोपेलरपासून लांब टेपने बांधल्या, टोकं कॉकपिटमध्ये घेतली. इंजिन चालू असताना पुढे जाऊन काही धरायचं नाही, हा नियम मी कुणासाठी मोडत नाही. नवरा उजव्या सीटवर वही घेऊन. मिनिटाला १८०० फेऱ्यांवर, रेडिओ-स्क्रीन सोडून सगळं बंद असताना मीटर ०.०९ व्होल्ट. लँडिंग लाइट लावली, ०.२०. पिटो हीट, म्हणजे वेग मोजणाऱ्या नळीचा हीटर, लावली, ०.३१. रेडिओ-स्क्रीनला सहा अँपिअर लागतात, लाइटला सात, पिटोला आठ. सहा, तेरा, एकवीस. तिन्ही वेळा व्होल्टला अँपिअरने भागलं तर पंधरा मिलिओहमच्या आसपास. अशा पट्टीचा रोध एक-दोन मिलिओहमच्या वर नसावा.

मग इंजिन बंद करून अण्णांनी सांगितलेली खरी परीक्षा. गाडीची जाड जंपर केबल, एक चिमटा क्रँककेसला, दुसरा बॅटरीच्या मायनसला, केबल इंजिनच्या माउंटला बांधून. परत चालू केलं. सगळं लावून ०.०२. प्रेशर ७४, हलायचं नाव नाही. नवऱ्याने वहीत आकडा लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

पट्टी काढायला दहा मिनिटं लागली. बघायला तासभर. फायरवॉलकडचं टोक स्वच्छ होतं. क्रँककेसकडच्या टोकाला रंग खरवडून मी थिंबल उघड्या धातूवर बसवलं होतं, तेही चकचकीत. थिंबलच्या दांड्यावर मी लाल हीटश्रिंक, म्हणजे तापवलं की आवळून बसणारं प्लॅस्टिकचं आवरण, चढवलं होतं, अगदी सुबक. त्याचा मला अभिमान होता. ते चाकूने उभं चिरलं. आत हीटश्रिंक तपकिरी पडून कडक झालेलं. जिथे तारा थिंबलमध्ये शिरतात त्या काठाशी जवळजवळ सगळ्या तुटलेल्या, टोकं काळी, एकमेकांना नुसती टेकलेली. भिंग घेऊन मोजल्या तेव्हा अखंड अशा अकरा तारा होत्या.

तुटल्या कारण पट्टी आखूड होती. बांधताना मी ती ताणून, नीटनेटकी, सरळ बसवली होती. रबरावरचं इंजिन उडताना थोडंच हलतं, पण बंद करताना शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत ते चांगलं डोलतं. दर वेळी तो हिसका त्या काठावर. साधारण १४० तासांत किती वेळा इंजिन बंद केलं असेल! आणि हीटश्रिंकमुळे दोन्ही वार्षिक तपासण्यांत मला ते दिसलं नाही. मी बघितलं होतं. लाल आवरण बघितलं होतं.

मग मला भीती वाटली, आणि ती आकड्यांमुळे नव्हती. पट्टी अशी असताना सेल्फचे दोनशे अँपिअर कुठून परत येत होते? वीज मिळेल ती वाट घेते. इंजिनपासून फायरवॉलकडे जाणारी धातूची दुसरी वाट म्हणजे थ्रॉटल आणि मिक्श्चरच्या (हवेत इंधन किती मिसळायचं ते ठरवणाऱ्या) केबली. थ्रॉटलची केबल ठीक होती. मिक्श्चरची हाताने चाचपत आणली, आणि क्लॅम्पपाशी तिचं प्लॅस्टिकचं आवरण मऊ होऊन क्लॅम्पला चिकटलेलं लागलं. बोटाने दाबलं तर खड्डा पडला.

रात्री अण्णांना व्हिडिओवर दाखवली. ते चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले.

"ही आदी बदल," ते म्हणाले. "काट्याचं ऱ्हाऊ दे."

नव्या पट्ट्या दोन लावल्या, क्रँककेसच्या दोन वेगळ्या बोल्टांवरून, प्रत्येकीला चांगला झोल देऊन. थिंबलवर पारदर्शक हीटश्रिंक घातलं, आत तारा दिसतात. सेंडरची अर्थची वायरही बदलली. पण ते सगळं झाल्यावर एक काटा उरला. तिसऱ्या सिलिंडरचा, एकटाच, आणि लाइटशी काही संबंध नसलेला. मध्येच वीस अंश खाली जाऊन परत यायचा. बाकी तिघे शांत.

एकटा काटा नाचला तर दुखणं त्याचं स्वतःचं. तिसऱ्या आणि चौथ्याचे तापमान मोजणारे प्रोब अदलाबदल केले. गडबड प्रोबबरोबर गेली असती तर प्रोब खराब. ती तिसऱ्यावरच राहिली, म्हणजे वायर किंवा स्क्रीन. मग स्क्रीनच्या मागच्या प्लगवर तिसऱ्या-चौथ्याच्या जोड्या बदलल्या, तर गडबड चौथ्या आकड्यावर गेली. म्हणजे वायरच.

सिलिंडर हेडवर जे-टाइपचा थर्मोकपल असतो, एक तार लोखंडाची, दुसरी कॉन्स्टंटन या तांबं-निकेलच्या मिश्रधातूची. या दोन धातूंच्या सांध्यात उष्णतेने व्होल्ट तयार होतो, शंभर अंश सेल्सिअसला जेमतेम पाच मिलिव्होल्ट. एवढ्याशा व्होल्टवर आपण सिलिंडरचं आयुष्य ठरवतो. आणि लोखंड म्हटलं की गंज आलाच. काउलिंगच्या खालच्या जोडणीचा प्लग उघडला तर पांढऱ्या वायरच्या पिनेत तांबडी पूड. ओहायोचा हिवाळा, दमट हँगर. गंजलेला तुकडा कापला, नवी पिन दाबली, बंद प्लग लावला. अशा कामात एक सांभाळायचं. या वायरीला मध्येच साध्या तांब्याचा तुकडा जोडायचा नाही. त्या तुकड्याच्या दोन टोकांचं तापमान वेगळं असलं की आकडा चुकतो, आणि काउलिंगच्या आत ते वेगळं असतंच. कुठली तार लोखंडाची हे ओळखायला चुंबक लावून बघावं, चिकटते ती लोखंडाची. अमेरिकी रंगसंकेतात या थर्मोकपलची पांढरी वायर प्लस आणि लाल मायनस. हे अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला पुस्तकाच्या पानाचा फोटो पाठवायला लावला. लाल मायनस हे त्यांना अजून पटलेलं नाही.

शेवटी प्रोब चहाच्या पातेल्यात उकळत्या पाण्यात बुडवला. आमचं घर समुद्रसपाटीपासून साधारण हजार फुटांवर आहे, इथे पाणी २१० फॅरनहाइटच्या आसपास उकळतं. स्क्रीनवर २०९.

मिक्श्चरची केबल यायला दहा दिवस लागले आणि बसवायला दोन शनिवार. त्या दरम्यान हवा सुरेख होती, शेजारच्या हँगरमधले लोक रोज उडत होते, आणि आमचं विमान काउलिंगशिवाय उभं होतं. ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी धावपट्टीच्या वर तीन फेऱ्या मारल्या. लाइट, पिटो हीट, लुकलुकणारे स्ट्रोब दिवे, सगळं लावलं. ७४.

तपासणीच्या यादीत मी एक ओळ वाढवली आहे: सगळं लावून क्रँककेस ते बॅटरी मायनस किती व्होल्ट, तारीख घालून लिहायचे. आता ०.०२ आहे. ०.०५ झाले की विमान हँगरमध्येच राहणार. त्याखाली नवऱ्याने त्याच्या अक्षरात अजून एक ओळ घातली आहे: मिक्श्चरची केबल, क्लॅम्पपाशी बोटाने दाबून बघणे.